सातवी गोळी

मॉन्टानातल्या हार्डिन गावी, बियाण्यांच्या दुकानामागच्या खोलीत
आम्ही दर गुरुवारी सात जण जमतो.
जमायचो. आता पाच.
पडदा म्हणजे माझीच जुनी चादर.
किती इस्त्री फिरवली तरी मधली घडी जात नाही,
म्हणून प्रत्येक नायक
दरीतून गावाकडे दौडताना एकदा कमरेत मोडतो.

ऑर्विल स्टेन्सरूड गोळ्या मोजतो.
गव्हाच्या काट्यावर जन्म गेला त्याचा,
हिशेबात खोट दिसली की डोकं फिरतं.
“सहा बारांचं पिस्तूल आणि आठ आवाज!”
टेबलावर थाप. कॉफी सांडते.
पुसते मी.

व्हर्नाच्या मते सिनेमे सगळे फुकट,
खरी ती टीव्हीवरची मालिका, रविवारी रात्रीची.
शेरीफ बोलायचा मोजकं,
आणि कुणी मेलं, अगदी चोर मेला, तरी
टोपी काढायचा.
“आताचे काढतात का टोपी?”
ती असं दरडावते, की ऑर्विल निमूट
स्वतःची काढून मांडीवर ठेवतो.

मला कुणी विचारत नाही, पण माझी अडचण शर्टाची आहे.
आठ दिवस धुळीतून घोडदौड,
आणि नाचाच्या रात्री पांढराशुभ्र, खळ घातलेला!
धुतला कुणी?
सलूनच्या खिडकीत ती बाई उभी असते
संध्याकाळ अंगावर घेऊन, हात रिकामे.
शाळेच्या भटारखान्यात एकतीस वर्षं काढली मी,
असे रिकामे हात पाहिले नाहीत.

एल्डन प्लेनफेदर मत देत नाही.
सूर्यफुलाच्या बिया फोडतो, टरफलं कागदी पेल्यात.
आम्ही भांडून भांडून घसा बसवतो,
तो जाताना खुर्च्या लावतो.

फेब्रुवारीत, बाहेर थंडी अशी की
गाड्या सुरूच ठेवून आत आलो होतो,
त्याने कोटातून एक कॅसेट काढली.
“यात माझा मामा आहे.”

सिनेमा सुमार. संगीत कानठळ्या बसवणारं.
मामा चाळिसाव्या मिनिटाला आला,
उघड्या अंगाने, टेकडीवरून,
क्रो माणूस, पण सिनेमात अपाची.
“पुढच्यात सू होता,” एल्डन म्हणाला,
“क्रो व्हायची पाळी कधी आली नाही.”
मामा हात उंचावून काहीतरी गरजला.
“युद्धाची आरोळी,” व्हर्ना कुजबुजली.
“म्हणतोय, जेवण कधी देणार.”
आम्ही हसलो, आणि तेवढ्यात तो पडला.
घोड्यावरून, पाठीवर, दगडांत.
पडण्याचे पाच डॉलर जास्त मिळायचे.
पुढे जन्मभर थंडीत कंबर धरून बसायचा, एल्डन म्हणाला,
आणि कुणी विचारलं तर सांगायचा,
सिनेमात मेलो तेव्हाची आहे.

खोलीत फक्त हीटर बोलत होता.
मला काही सुचेना, मी पेले गोळा करू लागले.
तेव्हा ऑर्विल खाकरला.
“ती सातवी होती,” म्हणाला.
“कसली?”
“गोळी. मी मोजत होतो. सहा आधीच संपल्या होत्या.
तुझ्या मामाला लागली ती
पिस्तुलात नव्हतीच.”

एल्डनने बी फोडली. बराच वेळ चघळली.
“मग उठव त्याला.”

ऑर्विलने कॅसेट उलटी फिरवली.
धूळ जमिनीत परत गेली.
मामा दगडांतून पाठ सोडवत वर आला,
घोड्याने त्याला अलगद घेतलं,
उघडं तोंड मिटलं, जेवणाची हाक पोटात परतली,
आणि तो मागच्या मागे टेकडी चढत गेला.
चादरीच्या घडीत क्षणभर मोडला,
पलीकडे सरळ झाला.

“पुन्हा,” एल्डन म्हणाला.
आम्ही चार वेळा उठवला.
पाचव्या वेळी फीत अडकली,
ऑर्विल मशीनला शिव्या देत राहिला,
आणि व्हर्ना, कोट चढवता चढवता,
“तरी पण टोपी कुणीच काढली नाही
त्या सिनेमात,” म्हणाली.